दोन बरण्या, एक भट्टी

२ फेब्रुवारी, सोमवार

भट्टी अखेर माझ्या गळ्यात पडली. पडली म्हणण्यापेक्षा मीच मान पुढे केली. शाळेत विज्ञान शिकवायचा कंटाळा आला होता असं नाही. पण मामंजींचा खांदा निकामी झाला, डॉक्टरांनी पीठ मळायला साफ मनाई केली, आणि नवऱ्याने "मी रंगारी माणूस, मला भिंतीच बऱ्या" म्हणून हात वर केले. मग राहिलं कोण?

मामंजींना विचारलं, "पोटच्या मुलाला सोडून सुनेला का देताय?"

"तुझे कान बघून," ते म्हणाले.

माझ्या कानांत काय आहे ते देव जाणे. माझ्या मते देव नाही, त्यामुळे तोही जाणत नसणार. पण म्हणायची सवय जात नाही.

अट मात्र एकच घातली, आणि ती ऐकून मला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. आमचं दुकान वरची आळी आणि खालची आळी यांच्या सांध्यावर आहे. वरच्यांसाठी एक दार, खालच्यांसाठी दुसरं. मधे फळ्यांची आडभिंत. मागे भट्टी मात्र एकच. वरच्यांचं प्रार्थनाघर वेगळं, खालच्यांचं वेगळं. वरचे म्हणतात, खालचे मागून आले आणि आयत्या गावात शिरले. खालचे म्हणतात, आमचे पणजोबा थकूनभागून आले तेव्हा वरच्यांनी वेस लावून घेतली. एकमेकांत सोयरीक नाही, एकमेकांच्या घरचं पाणी नाही. पण पाव सगळ्यांनाच लागतो, आणि दोन भट्ट्या बांधायची ऐपत कुणाचीच नव्हती. म्हणून माझ्या आजेसासऱ्यांनी तोड काढली. दोन्ही आळ्यांनी आपापल्या घरचं आंबवण द्यायचं, ते वेगळं ठेवायचं, वेगळं मळायचं.

आंबवण म्हणजे आदल्या पिठातला राखून ठेवलेला आंबट गोळा. त्याला रोज पीठ-पाणी भरवलं की तो जिवंत राहतो आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या दिवशीचा पाव फुगतो. वरच्यांचं पांढऱ्या बरणीत, खालच्यांचं तपकिरी बरणीत. पीठ मळायच्या लाकडी काथवटी दोन, फडकी दोन. वरच्यांच्या पावावर सरळ चीर, खालच्यांच्या पावावर फुली. भट्टीत शेजारी शेजारी भाजले तरी ओळख राहते.

पिठाच्या कोठीवर हात ठेवून मी शब्द दिला की बरण्या मिसळणार नाही. जंतूंना आळी कळत नाही हे मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. पण म्हाताऱ्या माणसाचा जन्म ज्यात गेला त्याला कशाला धक्का लावा?

५ फेब्रुवारी

दंड असे भरून आलेत की केस विंचरता येत नाहीत. पहिला घाणा करपला. दुसरा कच्चा राहिला. तिसरा चक्क बरा झाला आणि मी भट्टीसमोर टाळ्या वाजवल्या. मामंजी स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "टाळ्या कमी, फावडं जास्त." लांब दांड्याचं ते लाकडी फावडं माझ्यापेक्षा उंच आहे.

गिऱ्हाइकं आता ओळखीची होऊ लागली आहेत. वरच्या दाराशी पहिला नंबर घड्याळकाकांचा. घड्याळं दुरुस्त करतात, एकटे राहतात, एकच पाव नेतात आणि तो घ्यायला अर्धा तास लावतात. आडभिंतीच्या फटीतून पलीकडे नजर. "तिकडे गर्दी आहे का? कोण कोण आलंय?" आळीचा अभिमान किती असावा माणसाला! पलीकडच्यांना जास्त चांगले पाव तर देत नाही ना, म्हणून पाळत ठेवतात.

खालच्या दाराशी शिंपीणमावशी. यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जीभ त्यांच्या कात्रीसारखी चालते, पण हसायला लागल्या की दुकान हलतं. माझा एप्रन बघून म्हणाल्या, "हा शिवलाय की पोत्याला भोक पाडलंय?" आणि संध्याकाळी नवीन शिवून आणला. पैसे विचारले तर रागावल्या.

११ फेब्रुवारी

आज पीठ चाळताना मामंजींशी वाद. वाद म्हणजे ते विचारतात, मी तापते, ते हसतात.

"तू देव मानत नाहीस. स्वर्ग नाही, नरक नाही. मग खोटं बोलायला तुला अडवतं कोण?"

मी तावातावाने सुरुवात केली. समाज, विश्वास, सगळं झालं. ते नुसते चाळणी हलवत होते. शेवटी मी दमून म्हणाले, "खोटं बोललं की समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही. बस. आणि माझे कान लाल होतात. शाळेतल्या मुली कान बघून सांगायच्या, आज बाईंनी पेपर तपासलेले नाहीत."

"एवढं पुरे आहे," मामंजी म्हणाले. चाळणी बाजूला ठेवली. खांदा दुखत असावा.

१६ फेब्रुवारी

शिंपीणमावशींचं मनगटी घड्याळ बंद पडलं. खालच्या आळीत घड्याळं दुरुस्त करणारं कुणी नाही, आणि वरच्या आळीत त्या पाऊल टाकणार नाहीत. मी म्हटलं, द्या इकडे. भट्टीला वळसा घालून पलीकडच्या काउंटरवर गेले आणि घड्याळकाकांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते असं धरलं की जणू अंड्यातलं पिल्लू. "जुनं आहे. हळुवार हाताळावं लागेल."

मी दोन्ही आळ्यांत ये-जा करणारी एकटीच. आणि नवरा. भिंत रंगवायची असली की त्याची आळी कुणी विचारत नाही. बादली घेऊन तो दोन्हीकडच्या बैठकीच्या खोल्यांत शिरतो, आणि दोन्हीकडे त्याला तेच ऐकवतात की पलीकडच्यांची घरं किती घाण. तो म्हणतो, "जळमटं सगळ्यांच्या कोपऱ्यांत सारखीच असतात."

१९ फेब्रुवारी

घात झाला.

दुपारी मामंजी दाढी करून घ्यायला गेले होते. सकाळचे पाव असे उतरले होते की मी एकेकाला टिचकी मारून आवाज ऐकत बसले. नवरा जेवायला आला होता, रंगाने माखलेला. मी म्हटलं, ऐक, ढोलकीसारखे वाजतायत. त्याने दोन पाव घेऊन ठेका धरला, गायला लागला, आणि मला हाताला धरून गोल फिरवलं. या वयात! मीही फिरले. फिरता फिरता कोपर फळीला लागलं आणि तपकिरी बरणी खाली.

आवाज अजून कानात आहे. आंबवण फरशीवर पसरलं, त्यात बरणीचे बारीक बारीक तुकडे. चमच्याभरसुद्धा उचलण्यासारखं राहिलं नाही. झाकण तेवढं गोल फिरत फिरत पिठाच्या कोठीखाली गेलं आणि शाबूत सापडलं.

नवरा पांढरा पडला. "आता?"

आता काय? संध्याकाळी पीठ भिजवायचं होतं. बाबा यायची वेळ झाली, असं तो घोकत राहिला. मी स्वयंपाकघरातली मिठाची तपकिरी बरणी आणली, मीठ डब्यात ओतलं, बरणी धुतली, पांढऱ्या बरणीतलं निम्मं आंबवण तिच्यात घातलं, पीठ-पाणी भरवलं आणि वर जुनं झाकण ठेवलं. नवऱ्याने फरशी पुसली. दोघंही एकमेकांकडे न बघता.

मामंजी आले. गुळगुळीत दाढी. माझ्याकडे बघून म्हणाले, "फार वेळ भट्टीजवळ उभी होतीस का? कान लाल झालेत."

"हो," मी म्हटलं. आणखी लाल झाले असणार.

२० फेब्रुवारी

खालच्या आळीला आज वरच्यांच्या आंबवणाचा पाव दिला. फुल्या सगळ्या तिरक्या आल्या.

शिंपीणमावशींनी तिथेच तुकडा मोडून तोंडात टाकला. त्या डोळे मिटून चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज खरा आपल्या आळीचा पाव झालाय बघ. माझी आजी करायची तसा."

मी पिठाच्या पोत्यामागे जाऊन हसले. मग रडू आलं. मग घंटी वाजली म्हणून उठले.

२२ फेब्रुवारी, रविवार

शास्त्र सांगतं की काहीही बिघडलेलं नाही. एकाच खोलीत, एकाच हवेत, एकाच हातांनी भरवलेली दोन आंबवणं चार दिवसांत सारखीच होतात. फरक असलाच तर तो लोकांच्या डोक्यात. मी कुणाला अपाय केलेला नाही, उलट मावशींना आजी आठवली.

हे सगळं बरोबर आहे. मग मावशी "तुझ्या सासऱ्यांनी शब्द पाळला हो" म्हणाल्या तेव्हा मी फडक्याशी चाळा का करत बसले? देवाला घाबरणाऱ्यांचं बरं असतं. त्याच्याकडे माफी मागता येते. मला तर मावशींकडेच मागावी लागेल, आणि त्यांच्या हातात कात्री असते.

मामंजींनी आज नवीन बरणीचं झाकण उघडून वास घेतला. "छान उठलंय." मग बरणीवरून बोट फिरवलं. "झाकण जुनं आहे." आणि झाकण ठेवून निघून गेले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे ते एक बरं. नाहीतर बरणी ओळखली असती.

२४ फेब्रुवारी

शिंपीणमावशींचं घड्याळ पुन्हा बंद! घड्याळकाकांनी दुरुस्त करून चार दिवस झाले नाहीत. पुन्हा वळसा, पुन्हा मी. काका म्हणाले, "चावी फार घट्ट भरतात. त्यांना सांगा, हलक्या हाताने." मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना सांग, माझा हात हलकाच आहे, घड्याळच हट्टी आहे." हे निरोप पोचवता पोचवता माझी कणीक सैल झाली. काका माणूस चांगला, पण कारागीर म्हणून काही खरं नाही.

२७ फेब्रुवारी

भट्टी बांधली त्याला यंदा साठ वर्षं झाली. म्हणून वरच्या आळीच्या समितीने मामंजींचा सत्कार ठरवला आहे. अध्यक्ष स्वतः आले, कोट घालून. "आपण शब्दाचे पक्के. आमचं आंबवण आपण निर्मळ राखलं."

ते गेले नाहीत तोच खालच्या दाराने दाईआजी आल्या. खालच्या आळीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, निम्मी आळी त्यांच्याच हातांत जन्मली आहे. "वरचे करतायत तर आम्ही काय मागे राहू? आमचाही सत्कार. आमचं आंबवण तुम्ही जिवापाड जपलंत."

मी भट्टीत तोंड खुपसून उभी होते. जपलं! मिठाच्या बरणीत!

आता सांगणं भागच आहे. मी गप्प राहिले तर म्हाताऱ्याच्या गळ्यात माझ्या खोट्याचा हार पडणार. सांगितलं तर निम्मं गिऱ्हाईक गेलं समजा, आणि त्याहून वाईट म्हणजे मामंजींच्या आयुष्यभराच्या शब्दावर पाणी. ते मला काही बोलणार नाहीत. ते नुसते स्टुलावरून उठून वर जातील आणि पुन्हा खाली येणार नाहीत. मला त्याचीच भीती वाटते आहे.

२८ फेब्रुवारी

मामंजी जेवले नाहीत. सत्काराचं नाव काढलं की चेहरा पडतो. किती विनयशील माणूस! दुसरा कुणी असता तर छाती फुगवून फिरला असता.

सांगायला गेले. "मामंजी, एक बोलायचं होतं."

"आधी पाव बघ, जळतोय."

जळत नव्हता.

३ मार्च

पुन्हा सांगायला गेले. पुन्हा "पाव बघ." तिसऱ्यांदा गेले तर माझ्या आधी तेच बोलले. "दोन सत्कार मी घेणार नाही. एकच होईल, इथे दुकानात, दोन्ही दारं उघडी ठेवून. जमत असेल तर या म्हणावं, नाहीतर राहू दे."

हा निरोप मी दोन्हीकडे पोचवला. अध्यक्षांना ठसका लागला. दाईआजींनी विचारलं, "वरचे आमच्याकडे बघत राहतील का?" मी म्हटलं, "आडभिंत आहे ना मधे." दोघंही कसेबसे तयार झाले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "सत्कार आहे तर आडभिंतीला रंग हवा." आणि फळ्या खिळ्यांसकट उपटून मागच्या अंगणात नेल्या. मी ओरडले, "अरे, जागेवरच रंगव की!" तर म्हणे, "मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही."

८ मार्च, रविवार

सगळं लिहून काढते.

वरचे वरच्या दाराने आले, खालचे खालच्या दाराने. आत येऊन बघतात तर मधे भिंतच नाही. सगळे जागच्या जागी थबकले आणि फरशीवर जिथे फळ्या होत्या त्या मळकट रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहिले. एवढ्याशा रेघेवर कुणी पाय ठेवेना. घड्याळकाका तेवढे अगदी रेघेला चिकटून उभे होते, नवं कोरं जाकीट घालून. म्हटलं, भांडण झालंच तर पहिला धक्का हेच देणार.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "ज्या काळात कुणावर विश्वास ठेवावा असा प्रश्न..." इथपर्यंत आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरवून काही आणलं नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. "तपकिरी बरणी माझ्या हातून फुटली. नाचताना. गेले दोन आठवडे खालच्या आळीला मी वरच्यांच्या आंबवणाचा पाव देते आहे. मामंजींना यातलं काही माहीत नाही. ते खरंच शब्दाचे पक्के आहेत. शब्द मी मोडला. मला तुमच्याकडे बघून खोटं बोलवत नाही, म्हणून सांगते."

एकच गलका झाला. अध्यक्ष ओरडले, "म्हणजे आमचं आंबवण यांच्या घशात?" दाईआजींच्या मागून कुणीतरी, "आम्हाला यांचं उष्टं चारलं!" एका बाईने हातातला पाव पिशवीतून काढून काउंटरवर आपटला. कोण काय बोलतंय ते समजेना. मी मामंजींकडे बघायचं धाडस केलं.

ते उठले. मला वाटलं, गेले वर. पण ते काथवटीला टेकून उभे राहिले आणि चांगल्या हाताने लाकडी फावडं जमिनीवर आपटलं. शाळेत मला इतकी शांतता कधी करता आली नाही.

"माझा मुलगा झाला त्या दिवशी," ते म्हणाले, "मला आनंदाने काही सुचत नव्हतं. पांढरी बरणी मी भट्टीच्या तोंडाशी ठेवली आणि विसरून गेलो. आतलं आंबवण भाजून पोळीसारखं झालं. मी तपकिरीतलं निम्मं काढून पांढरी भरली. तेव्हापासून वरची आळी खालच्यांच्या आंबवणाचा पाव खाते आहे. सुनेनं खालच्यांना त्यांचंच परत दिलंय."

आता अध्यक्षांचा रंग बघण्यासारखा होता.

"थांबा, संपलं नाही. तेव्हा मी वडिलांना जाऊन सांगितलं. ते पोत्यावर बसून हसायला लागले. म्हणाले, पहिल्याच वर्षी कडक थंडी पडली होती. दोन्ही आंबवणं मरायला टेकली होती. तुझ्या आईने दोन्ही एका भांड्यात ओतली, उबेला ठेवली, तेव्हा कुठे एकमेकांच्या जोरावर उठली. मग पुन्हा दोन बरण्यांत भरली. आता तुम्हीच सांगा, कोण कुणाचं खातंय?"

आणि मग शिंपीणमावशींचं ते हसू सुरू झालं. आधी खांदे हलले, मग पोट, मग दुकान. "म्हणजे परवा मला आजीची आठवण आली, ती नक्की कुणाच्या आजीची?" रेघेच्या पलीकडून घड्याळकाका हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. दाईआजी आपल्या काठीवर डोकं टेकून हसत होत्या, आणि हसता हसता अध्यक्षांना म्हणाल्या, "तुझ्या आईची वेळ आली तेव्हा रात्री कुणाला बोलावलं होतं, विचार घरी जाऊन. या हातांत आलायस तू. पहिलं रडलास तेही माझ्याच अंगावर."

अध्यक्ष दोन माणसांना घेऊन निघून गेले. खालच्या आळीतलंही एक कुटुंब तोंड फिरवून गेलं. बाकीचे राहिले. आपटलेला पाव त्याच बाईने उचलून झटकला आणि पिशवीत टाकला. पाव तो शेवटी, म्हणाली. कुणाचा पाय रेघेवर पहिला पडला ते मी पाहिलं नाही, कारण मी रडत होते आणि दुसरा घाणा खरोखरच जळत होता.

९ मार्च

दुकान आवरल्यावर मामंजींना विचारलं, "सगळं माहीत होतं तर इतकी वर्षं दोन काथवटींत का मळलंत? खांदा घालवलात."

"शब्द मोडलेला होता ना. मोडलेला शब्द माणूस जास्तच जपतो."

"आणि माझी बरणी?"

"पहिल्याच दिवशी ओळखली. मिठाची बरणी मीच आणली होती तुझ्या सासूला." ते थोडा वेळ फावड्यावरचं पीठ बोटाने पुसत राहिले. "मी तरणा होतो तेव्हा सांगायला हवं होतं. जमलं नाही. लोक मान द्यायला लागले आणि मग ते आणखीच जड गेलं. माझे कान लाल होत नाहीत, सूनबाई. म्हणून मला इतकी वर्षं निभावता आलं. मला असं कुणीतरी हवं होतं, ज्याला निभावता येणार नाही."

त्यांच्या चांगल्या खांद्यावर डोकं टेकलं. पिठाचा वास येत होता. किती हलके झाले होते ते.

१७ मार्च

आता बरणी एकच. मिठाचीच. काथवट एक, फडकं एक, आणि माझे दंड दिवसभरात निम्मेच दुखतात. चीर कुठली पाडायची असं विचारलं तर दोन्ही आळ्यांतली पोरं मासा, चांदणी, मांजराच्या मिशा असलं काय काय मागतात. काही म्हाताऱ्यांना अजून आपली सरळ चीर हवी, काहींना फुली. देते. त्यात कुणाचं काय जातं?

अध्यक्ष नऊ दिवस बिस्किटांवर राहिले. आज त्यांच्या पत्नी आल्या, कुठल्या दाराने यायचं ते कळेना म्हणून जरा घुटमळल्या, मग खालच्या दाराने आल्या, कारण ते त्यांना जवळ पडतं. खालचं ते कुटुंब अजून येत नाही. मी त्यांचा पाव रोज बाजूला काढून ठेवते.

नवऱ्याला विचारलं, "ती आडभिंत कधी वाळणार?"

"ओल आहे अजून," तो म्हणाला आणि शीळ वाजवत गेला. अंगणात बघितलं तर त्याच फळ्यांचा त्याने लांबलचक बाक केला आहे. दुकानासमोर ठेवू म्हणतो.

२२ मार्च, रविवार

बाक ठेवला. गर्दी झाली की लोक बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे दुकानात जाणं-येणं मुश्कील झालं आहे, पण बोलायची सोय नाही, नवऱ्याने त्यावर फार मेहनत घेतली आहे.

शिंपीणमावशींचं घड्याळ पुन्हा बंद पडलंय म्हणे. ही कितवी वेळ! मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "मावशी, दुसरा कारागीर बघा. नाहीतर नवीन घड्याळ घ्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. मग सरळ जाऊन बाकावर घड्याळकाकांच्या शेजारी बसल्या. काकांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पाव, आणि पावावर फुली. आता एवढी वर्षं सरळ चीर नेणाऱ्या माणसाने फुलीचा पाव का मागावा?

पाऊण तास दोघं बसून होते. घड्याळ मधे बाकावर. मी पोती आत नेताना वाकून कान दिला तर ते छान टिकटिक चाललं होतं. मग हे दुरुस्त काय करत होते? काकांच्या हातात एकही अवजार नव्हतं. विचारावं म्हणून मी हात पुसत निघाले.

"सूनबाई," स्टुलावरून मामंजी म्हणाले, "पाव बघ, जळतोय."

मी धावत गेले. भट्टीत अजून पाव टाकलेच नव्हते.